भांडवल, बाजार आणि शेठ वालचंद

अर्थशास्त्राच्या वर्गात हल्ली 'स्टार्टअप' हा शब्द उच्चारल्यावाचून तास संपत नाही. मुले हुशार असतात, वर्तमानपत्रे वाचतात आणि त्यांच्या मनात एक सरळ समीकरण ठसलेले असते. कल्पना नवी असावी, ती ऐकून कुणी गुंतवणूकदार भाळावा, त्याने पैसा ओतावा आणि उद्योग दहा वर्षांत दसपट व्हावा. केंद्र सरकारने जानेवारी 2016 मध्ये 'स्टार्टअप इंडिया' ही मोहीम जाहीर केली. त्याच वर्षी सिडबीमार्फत दहा हजार कोटी रुपयांच्या निधीची योजना आखली. नवोद्योगांना मिळणाऱ्या भांडवलावर बसणारा, 'एंजल टॅक्स' या नावाने कुप्रसिद्ध झालेला करही 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. हे सारे योग्यच झाले. परंतु या सर्व उपायांच्या मुळाशी एक गृहीत दडलेले आहे आणि ते तपासून पाहण्याजोगे आहे. नव्या उद्योगाची अडचण मुख्यतः भांडवलाची असते, ते मिळाले की पुढचे सारे आपोआप घडते, हे ते गृहीत होय.

हे गृहीत अर्धेच खरे आहे. ज्या देशात औद्योगिकीकरण उशिरा सुरू होते, त्या देशात नव्या उद्योगापुढे भांडवलाइतकाच, किंबहुना त्याहून बिकट प्रश्न उभा असतो, तो बाजारात शिरकाव करण्याचा. गिऱ्हाईक कुणाच्या तरी पदरी आधीच बांधलेले असते. सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे सरकार. आणि परवाने देणारे, दर ठरवणारे, जमिनीचे दान करणारेही सरकारच. विद्यार्थ्यांना हे पुस्तकातून सांगून पटत नाही. म्हणून मी त्यांना सोलापूरच्या एका माणसाचे चरित्र सांगतो. शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरमुळे मुलांना ऐकून ठाऊक असते. त्यापलीकडे मात्र फारसे काही ठाऊक नसते.

वालचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, गुजराती दिगंबर जैन; परंतु पिढ्यांच्या वास्तव्याने पुरते महाराष्ट्रीय झालेले. घरचा धंदा कापसाच्या व्यापाराचा आणि सावकारीचा होता. मुंबईत आणि पुण्यात त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले, पण पदवी पदरात न पडताच ते घरी परतले. पेढीवर बसून व्याजबट्टा मोजण्यात त्यांचे मन रमेना. वडिलोपार्जित व्यवसायात जोखीम बेताची आणि प्राप्ती निश्चित; असे असताना एखाद्याने बाहेर का पडावे, याचे उत्तर अर्थशास्त्रात नाही. ते स्वभावात शोधावे लागते.

त्यांचा पहिला भागीदार रेल्वेतून बाहेर पडलेला एक कारकून होता. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे त्यांचे नाव. फाटकांपाशी कामाची माहिती होती, वालचंदांपाशी थोडा पैसा आणि मोठी पत होती. बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांचे काम हे 'फाटक-वालचंद' भागीदारीचे पहिले कंत्राट. या आरंभाकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. कंत्राटदारीच्या धंद्यात एक सोय असते. कारखानदाराला आधी यंत्रे घ्यावी लागतात, माल काढावा लागतो आणि मग गिऱ्हाईक शोधावे लागते. कंत्राटदाराचे गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून ठरलेले असते आणि काम जसजसे पुढे सरकते तसतशी बिले मिळत जातात. म्हणजे खेळत्या भांडवलाचा मोठा भाग गिऱ्हाईकच पुरवते. पुढच्या पंधरा वर्षांत वालचंदांनी याच मार्गाने पैसा जोडला. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामांना तेजी आली, तिचाही लाभ त्यांना मिळाला. 1920 साली टाटांच्या सहकार्याने बांधकामाची मोठी कंपनी निघाली आणि 1926 साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. भोर घाटातील बोगद्यांचे काम या कंपनीच्या आरंभीच्या कामांपैकी. मुंबई-पुणे प्रवासात गाडी अंधारात शिरते तेव्हा प्रवाशाला शेठजींची आठवण होण्याचे काही कारण नाही. पण ज्या नफ्यावर पुढची साहसे उभी राहिली, तो नफा अशाच खडकातून खणून काढलेला होता.

येथपर्यंतची कथा एका यशस्वी कंत्राटदाराची आहे. अशी माणसे त्या काळी आणखीही होती. वालचंद वेगळे ठरले ते 1919 साली.

महायुद्ध संपले होते. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांच्या मालकीची 'लॉयल्टी' नावाची बोट विक्रीला निघाली होती. ही बोट मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची, 1891 साली बांधलेली 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. महायुद्धात महाराजांनी ती जखमी सैनिकांसाठी तरंगते रुग्णालय म्हणून चालवली होती. दिल्लीहून मुंबईला येताना रेल्वेच्या डब्यात वालचंदांना या विक्रीची वार्ता कळली, असे सांगतात. मुंबईस पोचताच त्यांनी बोट पाहिली आणि ती घेण्याचा निश्चय केला. जहाजधंद्याचा अनुभव शून्य. परंतु नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्यासारखी मुंबईच्या बाजारात वजन असलेली मंडळी त्यांनी सोबतीला घेतली आणि मार्च 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदली गेली. भांडवल साडेचार कोटी रुपये. त्या काळच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली, वालचंद स्वतः बोटीवर होते. हाच दिवस 1964 पासून राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो.

या साहसाचे मोजमाप करायचे तर त्याआधीचे दोन अपयशी प्रयत्न ध्यानात घेतले पाहिजेत. जमशेटजी टाटांनी 1893-94 च्या सुमारास जपानी कंपनीच्या साहाय्याने चीन-जपानकडे बोटी सोडल्या होत्या. पी अँड ओ कंपनीने भाडी इतकी उतरवली की टाटांना अल्पावधीतच तो उद्योग गुंडाळावा लागला. दक्षिणेत तुतिकोरीन येथे चिदंबरम पिळ्ळै यांनी 1906 साली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली; तिच्याविरुद्ध ब्रिटिश कंपनीने उतारूंचे भाडे घटवले आणि 1908 साली खुद्द पिळ्ळै यांना राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात जावे लागले. ती कंपनीही बुडाली. दोन्ही ठिकाणी भांडवल अपुरे होते हे खरे. तथापि भांडवल दुप्पट असते तरी काय झाले असते, हा प्रश्न उरतोच. कारण समोर उभ्या असलेल्या कंपन्यांची तोटा सोसण्याची शक्ती जवळपास अमर्याद होती.

या शक्तीचा उगम कोठे होता हे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील मालवाहतूक ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या हाती होती आणि तिचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप हे होते. या कंपन्यांचा एक संघ असे. त्याला 'कॉन्फरन्स' म्हणत. संघ सर्वांचे दर ठरवी. त्याहून परिणामकारक हत्यार म्हणजे विलंबित सूट. व्यापाऱ्याने ठरावीक मुदतीत, बहुधा सहा महिने, आपला सर्व माल केवळ संघाच्याच बोटींतून पाठवला, तर त्याने भरलेल्या भाड्यापैकी काही अंश, साधारणतः एक दशांश, त्याला परत मिळे. परंतु तो लगेच मिळत नसे; पुढचे सहा महिनेही त्याने एकनिष्ठ राहावे लागे. मध्येच एखादा खंडी माल दुसऱ्या कंपनीच्या बोटीतून गेला, की साठलेली सारी सूट जप्त. परिणामी प्रत्येक व्यापाऱ्याची काही रक्कम जुन्या कंपनीकडे कायमची ओलीस राही. सिंदियाने दर कितीही कमी लावला, तरी व्यापाऱ्याच्या हिशेबात तो कमी नसे. त्यात गमावलेली सूट मिळवावी लागे. नवी कंपनी जुनीपेक्षा स्वस्त आणि चांगली असून गिऱ्हाईक तिच्याकडे फिरकत नाही, ही कोडे वाटणारी स्थिती अशी निर्माण होते. आजच्या व्यवहारातही 'पॉइंट', 'सदस्यत्व' आणि 'कॅशबॅक' या गोंडस नावांखाली हीच युक्ती वावरते आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी येईल.

सिंदियाची सुरुवात दुर्दैवी ठरली. 'लॉयल्टी' जुनी होती, कोळसा फार खाई. 1923 साली ती भंगारात निघाली. दरम्यान कंपनीने इंग्लंडमधून सहा मालवाहू बोटी खरेदी केल्या, त्या युद्धोत्तर तेजीच्या ऐन भरात. वर्ष-दीड वर्षात जागतिक नौवहनात मंदी आली, बोटींच्या किमती आणि भाडी दोन्ही कोसळली. चढ्या भावाने घेतलेली मालमत्ता आणि उतरलेले उत्पन्न या कात्रीत कंपनी सापडली. परदेशी मार्गांवर निभाव लागेना म्हणून तिने ब्रह्मदेश आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यानच्या तांदूळ वाहतुकीकडे मोर्चा वळवला. तेथे दरयुद्ध पेटले. रंगूनहून येणाऱ्या मालाचे भाडे निम्म्याहून खाली आले. इंचकेप यांच्या कंपनीला हा तोटा इतर मार्गांवरच्या नफ्यातून भरून काढता येत होता. सिंदियाला दुसरे मार्गच नव्हते.

आजचा विद्यार्थी येथे एक शंका काढतो आणि ती रास्त असते. आजचे नवोद्योगही तोट्यात सेवा विकतातच की! फरक असा की आज तोट्याचे हत्यार बहुधा नव्या कंपनीच्या हाती असते; गुंतवणूकदारांचा पैसा जाळून ती जुन्या रिक्षावाल्याला, किराणा दुकानदाराला नमवू पाहते. 1922 साली ते हत्यार जुन्या मक्तेदाराच्या हाती होते. शास्त्राच्या दृष्टीने प्रकार एकच. ज्याची थैली लांब, त्याची कार्यक्षमता सिद्ध न होताही तो जिंकतो. म्हणून वालचंदांच्या बाजूने सहानुभूती वाटणाऱ्याने आजच्या दरयुद्धांकडे पाहतानाही तोच गज वापरला पाहिजे.

इंचकेप यांनी सिंदिया विकत घेण्याची तयारी दाखवली. भागधारक हवालदिल झाले होते. पैसा परत मिळतो आहे तर घ्यावा, असे वाटणारे पुष्कळ होते. नरोत्तम मोरारजी आणि वालचंद यांनी कंपनी विकली नाही. परंतु लढतही राहता येईना. अखेर 1923 साली दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाला संघात प्रवेश मिळाला, दर स्थिर झाले. पण किंमत मोजावी लागली. कंपनीने आपल्या बोटींची एकूण वहनक्षमता 75 हजार टनांपलीकडे वाढवायची नाही, हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन यांच्या किनाऱ्याबाहेर जायचे नाही, ही त्यातील मुख्य बंधने. ज्या कंपनीचा जन्म लंडनला बोट नेऊन झाला, तिने लंडनचे नाव काढायचे नाही असे ठरले. राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांनी या कराराला दास्याचा दस्तऐवज ठरवले.

मला ही टीका अन्यायकारक वाटते. भागधारकांचे भांडवल ज्याच्या हाती आहे, त्याला हुतात्मा होण्याचा अधिकार नसतो. टाटांची आणि पिळ्ळै यांची कंपनी तत्त्वाने हरली नव्हती, पैशाने संपली होती. वालचंदांनी वाढ गहाण टाकून अस्तित्व वाचवले आणि मिळालेल्या दहा वर्षांचा उपयोग दुसऱ्या रणांगणावर केला. ते रणांगण म्हणजे विधिमंडळ आणि लोकमत.

नौवहनाच्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी 1923 साली कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. किनारी वाहतूक क्रमाक्रमाने देशी कंपन्यांसाठी राखून ठेवावी अशी शिफारस तिने केली. खलाशी-अधिकारी घडवण्यासाठी 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज 1927 साली सुरू झाले. राखीव किनाऱ्याची शिफारस मात्र सरकारने बासनात बांधली. 1928 साली साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किनारी वाहतूक राखून ठेवण्याचे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही, पण देशभर चर्चा झाली. महात्मा गांधींनी आपल्या पत्रातून देशी नौवहनाचा कैवार घेतला. 1929 साली नरोत्तम मोरारजी यांचे मोटार अपघातात निधन झाले आणि सिंदियाचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले. त्याआधी 1927 साली त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. 1932-33 साली ते अखिल भारतीय व्यापारी महासंघाचे अध्यक्ष झाले. हा सारा खटाटोप कीर्तीसाठी होता असे म्हणणारे तेव्हाही होते. मला तो धंद्याचाच भाग दिसतो. कायदा बदलल्याखेरीज बाजार उघडत नाही, हे ज्याला कळले त्याने चेंबरमध्ये बसणे हे बोटीवर उभे राहण्याइतकेच आवश्यक होते.

किनारी वाहतूक देशी बोटींसाठी राखण्याचे धोरण अखेर स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या सुमारास अमलात आले. विलंब तीस वर्षांचा.

मधल्या काळातील साखरेची कथा थोडक्यात सांगता येईल, कारण तिच्यात संघर्ष कमी आहे. मालेगावजवळ रावळगाव येथे 1923 साली वालचंदांनी माळरान घेऊन शेती आरंभली. साखरधंद्याला 1932 साली संरक्षण मिळाले, म्हणजे परदेशी साखरेवर जबर जकात बसली, आणि 1933 साली रावळगावचा कारखाना उभा राहिला. 1934 नंतर नीरेच्या कालव्यावर कळंब येथे दुसरी वसाहत झाली, तीच पुढे वालचंदनगर. बाजार राखलेला असला की हाच माणूस एका वर्षात कारखाना उभा करतो. बाजार बंद असला की तीस वर्षे झुंजतो. एकाच उद्योजकाच्या आयुष्यात हे दोन प्रयोग शेजारी शेजारी पाहायला मिळावेत, ही अभ्यासकाला मोठीच सोय. रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटे 1942 पासून निघू लागली. चार पिढ्यांच्या खिशांत ती विरघळली आणि 2024 साली त्यांची व्यापारनामे रिलायन्स समूहाकडे 27 कोटी रुपयांना गेली.

विमानांची हकीकत याहून चमत्कारिक आहे. 1939 साली वालचंद मोटारींच्या कारखान्यासाठी अमेरिकेत गेले होते. परतताना पॅसिफिकवरून उडणाऱ्या विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली; पॉली चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना चालवत होते. प्रवास संपण्यापूर्वी हिंदुस्थानात तसा कारखाना काढण्याची कल्पना आकारास आली. महायुद्ध सुरू झालेलेच होते. सरकारने आरंभी उत्साह दाखवला नाही. 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि दृष्टी बदलली. म्हैसूर संस्थानने, दिवाण मिर्झा इस्माइल यांच्या कारकिर्दीत, बंगळूरला जमीन दिली आणि भांडवलातही वाटा घेतला. 23 डिसेंबर 1940 रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. मार्च 1941 मध्ये केंद्र सरकार एक तृतीयांशाचे भागीदार झाले. त्याच वर्षी तेथे जुळवलेले पहिले प्रशिक्षण विमान उडाले. बोटींच्या बाबतीत तीस वर्षे जे घडले नाही, ते येथे वर्षभरात घडले. कारण या खेपेस गिऱ्हाईकालाच माल हवा होता.

आणि मग एप्रिल 1942 मध्ये सरकारने वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेतले. जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या होत्या, बंगालच्या उपसागरात त्यांच्या बोटी फिरत होत्या. अशा वेळी विमानांचा कारखाना खासगी हाती ठेवू नये, या युक्तिवादात तथ्य होते. म्हैसूरने आपला वाटा विकला नाही, कारभारातील अधिकार मात्र सोडला. वालचंदांना त्यांच्या भागांचा मोबदला मिळाला. तरीही ज्याने कल्पना मांडली, माणूस शोधला, संस्थान राजी केले, त्याच्या वाट्याला सोळा महिन्यांत दरवाजा आला. हीच कंपनी पुढे हिंदुस्थान एरॉनॉटिक्स झाली. नवोद्योगातून पहिला गुंतवणूकदार बाहेर पडतो त्याला आजच्या परिभाषेत 'एक्झिट' म्हणतात आणि ते यशाचे लक्षण मानतात. वालचंदांना तसे वाटले नसावे.

विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याचे भाग्यही याच वळणाचे. कलकत्त्यास जागेच्या अटी जुळल्या नाहीत, म्हणून विशाखापट्टणम निवडले गेले. 21 जून 1941 रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढच्याच एप्रिलमध्ये त्या बंदरावर जपानी बॉम्ब पडले आणि काम विस्कटले. युद्धकाळात यंत्रांना आणि पोलादाला जो अग्रक्रम मिळायला हवा होता, तो सरकारने या कारखान्याला दिला नाही. देशी बनावटीची आठ हजार टनी 'जलउषा' ही बोट 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात लोटली गेली, तोवर सात वर्षे उलटली होती. बोट उत्तम होती, पण ब्रिटिश गोदीतल्या बोटीहून महाग पडत होती. हे अपरिहार्यच होते. कोणत्याही नव्या गोदीत पहिल्या दहा बोटी महागच पडतात. कामगारांचे हात शिकत असतात आणि त्या शिक्षणाची फी पहिल्या गिऱ्हाईकाला भरावी लागते. ही फी कोणी भरावी, हाच उशिरा जागे होणाऱ्या देशांतील औद्योगिक धोरणाचा गाभ्याचा प्रश्न आहे. सिंदियाच्या भागधारकांच्या आवाक्याबाहेर तो खर्च गेला. 1952 साली सरकारने दोन तृतीयांश मालकी घेऊन हिंदुस्थान शिपयार्ड ही कंपनी केली आणि 1961 साली उरलेला वाटाही घेतला.

मोटारींच्या बाबतीत सरकारशी पत्रव्यवहार करण्यातच पाच-सहा वर्षे गेली. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याची योजना तयार केली होती, मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाची तिला अनुकूलता होती, क्रायस्लर कंपनी तंत्रसाहाय्य द्यायला तयार होती. वालचंदांना हवे होते ते काही काळाचे संरक्षण आणि सरकारी मागणीचे आश्वासन. दिल्लीने युद्धकाळात परकीय चलन आणि यंत्रे या धंद्यासाठी देता येणार नाहीत अशी भूमिका घेतली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली नोंदली गेली, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने 1947 साली बाहेर पडली.

आता एक अप्रिय गोष्टही नमूद केली पाहिजे. वालचंदांना पैशाची चणचण जन्मभर होती आणि ती सर्वस्वी परकीय सरकारची करणी नव्हती. एक उद्योग पायावर उभा राहण्याआधीच ते दुसऱ्याची आखणी करीत. बांधकाम, बोटी, साखर, विमाने, मोटारी, गोदी. प्रत्येकाची भांडवलाची भूक वेगळी आणि परतफेडीचा काळ वेगळा. मॅनेजिंग एजन्सीच्या तत्कालीन पद्धतीमुळे एकाच घराण्याकडे अनेक कंपन्यांचा कारभार राही आणि एका कंपनीची पत दुसरीच्या कामी लावण्याचा मोह अनावर होई. ही पद्धत 1970 साली कायद्याने संपुष्टात आली, ते योग्यच झाले. परंतु तिला नुसती नावे ठेवून भागत नाही. दीर्घ मुदतीचे औद्योगिक कर्ज देणारी संस्थाच ज्या देशात नव्हती, तेथे ही एजन्सीच ती उणीव भरून काढीत होती. इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशन 1948 साली निघाले, आयसीआयसीआय 1955 साली. वालचंदांचा सारा पराक्रम या दोहोंच्या आधीचा. बँका तारणावर आणि हुंडीवर अल्प मुदतीचे कर्ज देत. गोदी उभारायला दहा वर्षे लागतात आणि कर्ज मिळते सहा महिन्यांचे, अशा स्थितीत जो मनुष्य उद्योग काढतो त्याच्या वह्या नीटनेटक्या कशा राहणार? तरीही मला वाटते की त्यांनी मोटारी किंवा गोदी यांपैकी एकच निवडली असती, तर त्या एका उद्योगाचे हाल कमी झाले असते.

आणखी एक बाब. 1944 साली आठ उद्योगपतींनी व अर्थतज्ज्ञांनी देशाच्या विकासाचा जो 'मुंबई आराखडा' प्रसिद्ध केला, त्यावर सही करणाऱ्यांत वालचंदांचे नाव नाही. टाटा आहेत, बिर्ला आहेत, कस्तुरभाई आहेत. देशात बोट, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टींचे कारखाने आरंभणारा एकमेव माणूस त्या यादीबाहेर राहिला. कारणांची चर्चा अभ्यासकांनी करावी. मला मात्र त्या यादीकडे पाहताना नेहमी चुटपुट लागते.

त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांची पुढची गती सारखी झाली नाही. हिंदुस्थान एरॉनॉटिक्स आज सरकारी मालकीचा बलाढ्य उद्योग आहे. वालचंदनगरचा कारखाना साखरयंत्रांपासून वाढत वाढत अग्निबाणांच्या कवचांपर्यंत पोचला. सिंदियाच्या बोटी मात्र काळाच्या ओघात दिसेनाशा झाल्या. कुर्ल्याची मोटार अनेक वर्षे निर्धास्त राहिली. परवान्यांच्या राज्यात तिला स्पर्धा नव्हती आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे रांगेत उभे असे. ज्या संरक्षणासाठी वालचंद दिल्लीचे उंबरठे झिजवत होते, ते पुढे इतके भरघोस मिळाले की सुधारणा करण्याची निकडच उरली नाही. 1980 नंतर मारुती आली आणि पुढे बाजार खुला झाला, तेव्हा कंपनी तयार नव्हती. पद्मिनी मोटारीचे उत्पादन 2000 च्या सुमारास थांबले आणि ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस तिची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. संरक्षण नाकारले तर उद्योग जन्मतच नाही आणि त्याला मुदत घातली नाही तर तो वाढत नाही; या दोन्ही विधानांचे पुरावे एकाच माणसाच्या वारशात सापडतात. नवोद्योगांना सवलती देणाऱ्या आजच्या योजनांत मुदतीचा विचार कितपत आहे, हे त्या दृष्टीने तपासले पाहिजे. पैसा कोठून येतो याच्या जोडीला सरकारी खरेदीत नव्या कंपनीला शिरकाव मिळतो काय आणि तिची बिले वेळेवर चुकती होतात काय, हेही पाहिले पाहिजे. फाटक-वालचंद भागीदारी जगली ती रेल्वेच्या बिलांवर.

1949 साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. 1950 साली त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. धाकटे बंधू गुलाबचंद आणि लालचंद यांनी पुढचा भार उचलला. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. विशाखापट्टणमची गोदी त्याआधी वर्षभर सरकारकडे गेली होती. कुर्ल्याचा फियाटशी करार झाला होता, आणि त्या कारखान्यातून निघणारी अकराशे क्रमांकाची मोटार रस्त्यावर यायला अजून एक वर्ष अवकाश होता.